बागायती जमिनीतील कीडनाशकांचे अवशेष आणि जड धातू: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

भाजीपाला, फळबागा, फुलशेती, रोपवाटिका आणि घरालगतच्या परसबागा यांच्या मातीविषयी नेहमी विचारल्या जाणाऱ्या प्रश्नांची उत्तरे येथे दिली आहेत. कीटकनाशके, बुरशीनाशके आणि तणनाशके या तिन्हींचा उल्लेख सोयीसाठी कीडनाशके असा केला आहे. आर्सेनिक हा काटेकोर अर्थाने धातू नाही, परंतु मातीत त्याची गणना जड धातूंबरोबरच केली जाते आणि येथेही तीच प्रथा पाळली आहे.

बागायती जमिनीचा वेगळा विचार कशासाठी करायचा?

धान्याच्या शेतापेक्षा बागेवर फवारण्या अधिक होतात आणि फळबागेत तर त्याच ओळींवर, त्याच झाडांखाली, वीस-तीस वर्षे होत राहतात. बागेची माती खोल नांगरली जात नाही, त्यामुळे पानांवरून गळलेले द्रव्य वरच्या काही सेंटीमीटरच्या थरातच साचत जाते. शिवाय पालेभाज्या आणि गाजर-मुळ्यासारखी पिके मातीला लागूनच वाढतात आणि पुष्कळदा कच्चीच खाल्ली जातात. जुन्या फळबागा तोडून तेथे भाजीपाला किंवा घरे उभी राहतात, तेव्हा पूर्वीच्या वापराचा हिशेब नव्या मालकाला माहीत नसतो, आणि माझ्या मते बागायती मातीतला सर्वांत मोठा धोका या विस्मृतीतच आहे.

कीडनाशके आणि धातू हे दोन वेगळे विषय आहेत. त्यांचा एकत्र विचार का करायचा?

पुष्कळ वेळा दोन्ही एकाच फवाऱ्यातून आले आहेत. तांबे, शिसे, आर्सेनिक आणि पारा हे घटक एके काळी कीडनाशकांतील मुख्य विषच होते. मात्र मातीत पोहोचल्यानंतर दोघांचे वागणे अगदी भिन्न असते. सेंद्रिय, म्हणजे कार्बनयुक्त रसायनाचे, कीडनाशक हा एक रेणू आहे आणि सूक्ष्मजीव, पाणी, ऊन यांच्या माऱ्याने तो आज ना उद्या मोडतो. धातू हे मूलद्रव्य आहे, ते मोडत नाही. ते मातीच्या कणांना घट्ट चिकटू शकते, पाण्याबरोबर खाली झिरपू शकते, पिकाबरोबर थोडेसे बाहेर जाऊ शकते, पण नाहीसे होऊ शकत नाही. म्हणून अवशेषांच्या बाबतीत ‘किती काळ थांबावे’ हा प्रश्न अर्थपूर्ण असतो, धातूंच्या बाबतीत तो बहुधा निरर्थक ठरतो.

एखादे कीडनाशक मातीत किती काळ टिकते?

याचे उत्तर अर्धायुष्य या मापात दिले जाते, म्हणजे सुरुवातीच्या मात्रेपैकी निम्मी मात्रा नाहीशी होण्यास लागणारा काळ. विघटनाचा वेग उरलेल्या मात्रेच्या प्रमाणात राहतो असे मानले, तर नव्वद टक्के मात्रा संपण्यास अर्धायुष्याच्या सुमारे ३.३ पट काळ लागतो. तीस दिवसांचे अर्धायुष्य असलेले औषध शंभर दिवसांत दहाव्या हिश्श्यावर येते, आणि तीनशे दिवसांचे अर्धायुष्य असलेले औषध दरवर्षी फवारले तर आधीचे संपण्यापूर्वीच पुढचे येऊन मिळते.

पुस्तकात दिलेले अर्धायुष्य हा एक अंदाज आहे, आपल्या शेतातील वस्तुस्थिती त्याहून बरीच वेगळी असू शकते. उष्ण, ओलसर आणि सूक्ष्मजीवांनी समृद्ध मातीत विघटन झपाट्याने होते. थंड, कोरड्या किंवा पाणी साचलेल्या मातीत ते रेंगाळते. इमिडाक्लोप्रिड या एकाच कीटकनाशकाची निरनिराळ्या जमिनींतील अर्धायुष्ये काही आठवड्यांपासून काही वर्षांपर्यंत नोंदली गेली आहेत. उलट, काही औषधे एकाच शेतात वर्षानुवर्षे वापरल्यावर तेथील सूक्ष्मजीव त्यांना खाद्य म्हणून वापरू लागतात आणि औषध इतके लवकर मोडते की किडीवर त्याचा परिणामच उरत नाही. कार्बोफ्युरानच्या बाबतीत हे अनेक ठिकाणी दिसून आले आहे.

आणखी एक गोष्ट बहुतेकदा सुटून जाते. मूळ रेणू मोडला म्हणजे विषय संपला असे नाही. अल्ड्रिनपासून डिल्ड्रिन तयार होते आणि ते अधिक टिकाऊ असते. एंडोसल्फानपासून एंडोसल्फान सल्फेट, ग्लायफोसेट या तणनाशकापासून आम्पा, डीडीटीपासून डीडीई असे अवशेष मागे राहतात. परीक्षणात केवळ मूळ औषध शोधले तर मातीचे चित्र खऱ्यापेक्षा स्वच्छ दिसते.

बंदी घातलेली औषधे अजूनही मातीत का सापडतात?

ती मुळात टिकण्यासाठीच बनवली गेली होती. डीडीटीचे कीटकनाशक गुण पॉल म्युलर यांनी १९३९ मध्ये शोधले आणि त्यासाठी त्यांना १९४८ चे नोबेल पारितोषिक मिळाले. एकदा फवारल्यावर दीर्घकाळ परिणाम टिकतो, हाच त्या काळी या औषधाचा मोठा गुण मानला गेला. मातीत त्याचे अर्धायुष्य साधारणतः २ ते १५ वर्षे सांगितले जाते, आणि समशीतोष्ण प्रदेशांत त्याचा अंश डीडीईच्या रूपात त्याहून पुष्कळ अधिक काळ राहतो. अमेरिकेने १९७२ मध्ये त्याच्या शेतीतील वापरावर बंदी घातली. टिकाऊ सेंद्रिय प्रदूषकांविषयीचा स्टॉकहोम करार २००१ मध्ये झाला आणि २००४ पासून लागू झाला. तरीही २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ११ युरोपीय देशांतील शेतजमिनींचे ३१७ नमुने तपासले गेले, तेव्हा ८३ टक्के नमुन्यांत किमान एक आणि ५८ टक्के नमुन्यांत एकाहून अधिक अवशेष आढळले. त्यांत ग्लायफोसेट, आम्पा आणि काही बुरशीनाशकांच्या जोडीला डीडीटीची अपत्येही होती.

याहून वेदनादायक उदाहरण कॅरिबियन समुद्रातील ग्वादलूप आणि मार्टिनिक या फ्रेंच बेटांचे आहे. तेथील केळीच्या मळ्यांत सोंडकिड्याविरुद्ध क्लोरडेकोन हे कीटकनाशक १९७२ ते १९९३ या काळात वापरले गेले. ज्वालामुखीपासून बनलेल्या त्या मातीने ते इतके घट्ट धरून ठेवले आहे की काही जमिनींत ते शतकानुशतके राहील असे अंदाज केले गेले. केळीच्या फळात ते फारसे जात नाही, पण त्याच जमिनीत नंतर लावलेल्या कंदमुळांत, नद्यांमध्ये आणि किनाऱ्यालगतच्या माशांत ते पोहोचले. वीस वर्षांच्या वापराची किंमत पुढच्या अनेक पिढ्यांना मोजावी लागते, हे या बेटांइतके स्पष्टपणे क्वचितच कोठे दिसते.

मातीत डीडीटी आढळले म्हणजे ते अलीकडेच कोणी वापरले असे समजावे का?

आवश्यक नाही. मातीत हवा खेळती असेल तर डीडीटीचे हळूहळू डीडीईमध्ये रूपांतर होते, म्हणून डीडीईचे प्रमाण डीडीटीपेक्षा बरेच अधिक असेल तर वापर जुना असण्याची शक्यता मोठी असते. मूळ डीडीटीच अधिक असेल तर संशयाला जागा आहे, परंतु तेव्हाही डायकोफॉल या कोळीनाशकाचा इतिहास तपासावा लागतो, कारण ते डीडीटीपासून बनवले जाई आणि त्यात डीडीटीची भेसळ राहत असे.

धातू बागेच्या मातीत कोठून येतात?

काही अंश खडकातूनच येतो, कारण माती ज्या खडकापासून बनली त्याचे धातू तिच्यात असतातच. सर्पेंटाइन जातीच्या खडकांवरील मातीत निकेल आणि क्रोमियम निसर्गतःच इतके असतात की कारखाना शोधत बसण्याची गरज नसते. उरलेला भाग माणसाने आणलेला असतो.

त्यात तांब्याची कहाणी सर्वांत दीर्घ आहे. फ्रान्समधील बोर्डो परिसरातील द्राक्षबागांवर केवडा रोग पसरला असता प्येर-मारी-अलेक्सी मिलार्डे यांनी मोरचूद (कॉपर सल्फेट) आणि चुन्याच्या मिश्रणाचा उपयोग १८८५ मध्ये प्रसिद्ध केला. तेव्हापासून आजतागायत बोर्डो मिश्रण जगभर फवारले जात आहे. जुन्या द्राक्षबागांच्या वरच्या थरात दर किलो मातीत १०० मिलिग्रॅमहून अधिक, काही ठिकाणी कित्येक शे मिलिग्रॅम, तांबे आढळते, आणि सामान्य मातीत ते साधारण १० ते ४० असते. युरोपीय संघाने २०१९ पासून तांब्याच्या संयुगांवर सात वर्षांत हेक्टरी २८ किलो, म्हणजे सरासरी वर्षाला ४ किलो, अशी मर्यादा घातली आहे.

शिसे आणि आर्सेनिक एकत्र सापडले तर पहिला विचार लेड आर्सेनेटचा करावा. अमेरिकेत १८९२ पासून ते वापरात आले आणि सफरचंदाच्या फळात शिरणाऱ्या अळीविरुद्ध डीडीटी येईपर्यंत तेच प्रमुख अस्त्र होते. अमेरिकेतील त्याची अधिकृत नोंदणी १९८८ मध्ये संपुष्टात आली, परंतु वॉशिंग्टन राज्यातील जुन्या सफरचंदबागांच्या जमिनींत ते आजही आहे, आणि त्यांपैकी अनेक जमिनींवर आता घरे आणि शाळा आहेत.

कॅडमियम बहुधा स्फुरदयुक्त (फॉस्फरसयुक्त) खतांतून येते. गाळाच्या खडकांतील फॉस्फेटमध्ये ते अधिक असते, अग्निजन्य खडकांतील फॉस्फेटमध्ये कमी. युरोपीय संघात २०२२ पासून फॉस्फेट खतांसाठी दर किलो फॉस्फरस पेंटॉक्साइडमागे (खतातील स्फुरद याच रूपात मोजतात) ६० मिलिग्रॅम कॅडमियम ही मर्यादा लागू आहे. जस्त आणि तांबे कोंबड्यांच्या व डुकरांच्या खतातून येतात, कारण त्यांच्या खाद्यात हे घटक मिसळले जातात. सांडपाण्याचा गाळ, कारखान्यांजवळील धूळ, खाणींचा कचरा, जुन्या इमारतींवरून सोललेला शिशाचा रंग, आणि तांबे-क्रोमियम-आर्सेनिकने मुरवलेले लाकूड हे इतर मार्ग आहेत. रस्त्यावरील वाहनांसाठी शिसेयुक्त पेट्रोलची विक्री जगातून २०२१ मध्ये पूर्ण थांबली, पण रस्त्याकडेच्या मातीत पडलेले शिसे तेथेच आहे.

वर्षाला चार किलो तांबे किंवा काही ग्रॅम कॅडमियम म्हणजे खरोखर किती?

हा हिशेब प्रत्येक बागाईतदाराने एकदा करून पाहावा. एक हेक्टर क्षेत्रातील वरचा २० सेंटीमीटरचा थर, दर घन सेंटीमीटरला १.३ ग्रॅम घनता धरल्यास, सुमारे २६ लाख किलो भरतो. म्हणजे हेक्टरी २.६ किलो धातू मिसळला की मातीतील त्याचे प्रमाण दर किलोमागे १ मिलिग्रॅमने वाढते. वर्षाला ४ किलो तांबे दिल्यास ही वाढ दीड मिलिग्रॅमची होते आणि पन्नास वर्षांत ती ७५ च्या पुढे जाते. न नांगरलेल्या बागेत हेच तांबे वरच्या पाच सेंटीमीटरमध्ये राहते, तेव्हा तेथील आकडा चौपट असतो.

कॅडमियमचा हिशेबही असाच होतो. मर्यादेइतके कॅडमियम असलेल्या खतातून हेक्टरी ५० किलो फॉस्फरस पेंटॉक्साइड दिले, तर वर्षाला ३ ग्रॅम कॅडमियम पडते. शंभर वर्षांत त्यामुळे होणारी वाढ दर किलोमागे सुमारे ०.१ मिलिग्रॅम आहे. हा आकडा क्षुल्लक वाटतो, पण निर्मळ मातीत कॅडमियम बहुधा ०.१ ते ०.५ मिलिग्रॅम एवढेच असते.

अहवालात धातूचे प्रमाण जास्त आले, तर भाजीतही ते तेवढेच जास्त असते का?

नाही, आणि सर्वाधिक गैरसमज येथेच होतो. प्रयोगशाळा बहुधा तीव्र आम्लाने माती विरघळवून एकूण धातू मोजते, पण मुळांना त्यातील फारच थोडा अंश उपलब्ध असतो. तो अंश ठरवणारा सर्वांत प्रभावी घटक म्हणजे मातीचा सामू (पीएच), म्हणजे ती किती आम्लधर्मी आहे याचे माप; आकडा जितका कमी तितकी आम्लता अधिक. आम्लधर्मी मातीत कॅडमियम, जस्त, निकेल सुटे होतात, सामू ६.५ ते ७ च्या आसपास आला की त्यांची चलनशीलता मोठ्या प्रमाणात घटते. चिकणमाती, लोहाची ऑक्साइडे आणि सेंद्रिय पदार्थ हे धातूंना धरून ठेवतात. पाण्यात किंवा मातीत क्षार अधिक असतील तर क्लोराइड कॅडमियमशी संयोग करून त्याला पिकापर्यंत पोहोचवते, म्हणून खारट पाण्यावरच्या बागेत कॅडमियमची मध्यम पातळीही दुर्लक्षून चालत नाही.

म्हणून केवळ एकूण आकड्यावरून निष्कर्ष काढणे अपुरे आहे. सामू ५.२ असलेल्या वाळूसर जमिनीतील १ मिलिग्रॅम कॅडमियम हे सामू ७.२ असलेल्या भारी जमिनीतील २ मिलिग्रॅमपेक्षा पालकासाठी अधिक घातक ठरू शकते. ज्याच्या हाती एकच परीक्षण करण्याइतके साधन आहे, त्याने धातूंच्या जोडीला सामू आणि सेंद्रिय कर्ब अवश्य मोजून घ्यावेत.

कोणती पिके अधिक शोषून घेतात?

पालेभाज्या सर्वांत पुढे असतात. पालक, लेट्युस आणि चार्ड कॅडमियम सहज पानांत साठवतात. त्यानंतर कंदमुळे येतात, आणि टोमॅटो, वांगी, शेंगभाज्या व झाडांवरची फळे तुलनेने सुरक्षित असतात, कारण मुळापासून फळापर्यंतच्या वाटेत धातू अडतात. आंतरराष्ट्रीय अन्न मानकांमध्येही हा क्रम दिसतो: कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्नमानक संस्थेने पालेभाज्यांत कॅडमियमसाठी दर किलो ०.२ मिलिग्रॅम आणि शिशासाठी ०.३ मिलिग्रॅम अशी कमाल पातळी ठरवली आहे, तर फळभाज्यांसाठी शिशाची पातळी ०.०५ इतकी कमी आहे. शिसे मुळांतून वर फारसे चढत नाही. पालेभाजीत सापडणारे शिसे पुष्कळदा पानावर उडालेल्या मातीचेच असते.

जुन्या क्लोरीनयुक्त कीटकनाशकांच्या बाबतीत मात्र क्रम बदलतो. गाजराच्या सालीत ती मुरतात, आणि झुकिनी व भोपळ्याच्या एका गटातील जाती डीडीई व डिल्ड्रिन इतर पिकांपेक्षा कितीतरी अधिक शोषतात. अशा जमिनीत फळभाजी आहे म्हणून भोपळावर्गीय पीक सुरक्षित समजणे चुकीचे ठरते.

भाजी धुतल्याने किंवा सोलल्याने हे पदार्थ जातात का?

चिकटलेली माती आणि तिच्याबरोबरचे शिसे धुतल्याने जाते, कंदांची साल काढल्याने आणखी कमी होते. पेशींमध्ये शिरलेले कॅडमियम मात्र धुऊन निघत नाही.

मातीचा नमुना कसा घ्यावा?

परीक्षणातील सर्वांत मोठी चूक प्रयोगशाळेत नव्हे, शेतातच होते. बागेचे प्रथम इतिहासानुसार भाग पाडावेत: जुनी फळबाग कोठे होती, औषधे मिसळण्याची जागा कोणती, फवारणी पंप कोठे धुतले जात, गोठा आणि उकिरडा कोठे होता, भिंतीचा रंग कोठे गळतो. प्रत्येक भागाचा नमुना स्वतंत्र ठेवावा. औषध मिसळण्याच्या जागेची माती उर्वरित शेताच्या मातीत एकत्र केली, तर एकीकडे खऱ्या संकटाची जागा झाकली जाते आणि दुसरीकडे चांगल्या जमिनीवर अकारण शिक्का बसतो.

एका भागात नागमोडी चालत पंधरा ते वीस ठिकाणांहून माती घ्यावी आणि ती एकत्र करून त्यातून सुमारे अर्धा ते एक किलोचा नमुना तयार करावा. भाजीपाल्यासाठी ० ते २० सेंटीमीटर खोली योग्य असते. फळबागेत झाडाच्या घेराखालची माती आणि दोन ओळींमधली माती वेगळी घ्यावी, आणि वरचा पाच सेंटीमीटरचा थर निराळा काढता आला तर उत्तम. गंजलेले, जस्ताचा मुलामा दिलेले किंवा रंगवलेले अवजार वापरू नये. स्टेनलेस स्टीलचे वापरावे. धातूंसाठीचा नमुना सावलीत वाळवून स्वच्छ प्लास्टिकच्या पिशवीत ठेवता येतो. कीडनाशकांसाठीचा नमुना वाळवू नये, कारण वाळताना काही औषधे उडून जातात. तो काचेच्या बरणीत भरून थंड अवस्थेत लवकरात लवकर पोहोचवावा, आणि वेळ लागणार असेल तर गोठवून ठेवावा.

प्रयोगशाळेला कोणते प्रश्न विचारावेत?

सर्वप्रथम, यादीत नेमकी कोणती औषधे आहेत हे विचारावे. एकाच वेळी शेकडो अवशेष शोधणाऱ्या प्रचलित पद्धतींत ग्लायफोसेट येत नाही, त्यासाठी स्वतंत्र परीक्षण लागते. मॅन्कोझेबसारख्या डायथायोकार्बामेट बुरशीनाशकांचेही तसेच आहे. ज्या बागेत मुख्यतः हीच दोन औषधे वापरली, तिचा ‘काहीही आढळले नाही’ असा अहवाल फसवा असू शकतो.

त्यानंतर शोधमर्यादा विचारावी. ‘आढळले नाही’ याचा अर्थ शून्य असा नसून त्या यंत्राच्या व पद्धतीच्या मर्यादेखाली, एवढाच असतो. धातूंसाठी एकूण प्रमाण मोजले की डीटीपीएसारख्या, धातूंचा सुटा भागच ओढून घेणाऱ्या, द्रावणाने उपलब्ध अंश मोजला, हे माहीत नसेल तर दोन अहवालांची तुलना करता येत नाही. आकडे कोरड्या मातीच्या वजनावर आहेत का, आणि प्रयोगशाळेला आयएसओ १७०२५ या परीक्षण प्रयोगशाळांसाठीच्या आंतरराष्ट्रीय मानकानुसार मान्यता आहे का, हेही लेखी घ्यावे.

अहवालातील आकडा मर्यादेपेक्षा अधिक आला तर शेती थांबवावी का?

प्रथम ती मर्यादा कशासाठी आखली आहे ते पाहावे. काही मर्यादा पुढील तपासणी सुरू करण्यासाठी असतात, काही सांडपाण्याचा गाळ टाकण्यास परवानगी देण्यासाठी, काही मुलांनी माती गिळण्याच्या शक्यतेवरून ठरवलेल्या. युरोपातील १९८६ चा गाळविषयक निर्देश मातीत कॅडमियमसाठी १ ते ३, तांब्यासाठी ५० ते १४० आणि शिशासाठी ५० ते ३०० मिलिग्रॅम असे पट्टे देतो. ते पट्टे भाजीची सुरक्षितता थेट सांगत नाहीत. मर्यादेच्या जवळपासचा आकडा आला तर दुसरा नमुना घ्यावा, सामू पाहावा, आणि शक्य असल्यास त्याच जमिनीतील पालेभाजीचे परीक्षण करून घ्यावे. मातीवरून बांधलेल्या अंदाजापेक्षा खाल्ल्या जाणाऱ्या भागाचे मोजमाप अधिक विश्वासार्ह असते.

चुना, शेणखत किंवा कोळसा टाकून उपाय होतो का?

धातू तेथेच राहतो, पण त्याची पिकापर्यंतची वाट अरुंद करता येते. आम्लधर्मी जमिनीत चुना देऊन सामू ६.५ ते ७ दरम्यान आणणे हा कॅडमियम, जस्त आणि तांबे यांवरचा सर्वांत खात्रीचा आणि सर्वांत स्वस्त उपाय आहे. फ्लोरिडातील जुन्या संत्रावर्गीय बागांत तांबे साठल्यामुळे झाडांना लोह मिळेनासे होऊन पाने पिवळी पडली, तेव्हाही सामू वाढवण्याचाच मार्ग अवलंबला गेला. सामू काही वर्षांत पुन्हा घसरतो, म्हणून हा उपाय एकदा करून विसरण्यासारखा नाही.

आर्सेनिक असेल तर मात्र थांबून विचार करावा. त्याचे वागणे बरोबर उलटे आहे: सामू वाढला की ते सुटे होऊ लागते. स्फुरद दिल्याने शिसे अविद्राव्य होते, पण तेच स्फुरद आर्सेनिकला मातीच्या कणांवरून हुसकावून लावते. काही प्रकारच्या जैविक कोळशाचाही आर्सेनिकवर असाच परिणाम होतो. म्हणजे लेड आर्सेनेटच्या जुन्या बागेत शिशावरचा उपाय आर्सेनिकची अडचण वाढवू शकतो. अशा जमिनीत दोन्ही घटक मोजल्याशिवाय काहीही टाकू नये, आणि चांगले कुजलेले सेंद्रिय खत, जाड आच्छादन व योग्य पीकनिवड यांवरच भर द्यावा.

कीडनाशकांच्या अवशेषांसाठी सेंद्रिय पदार्थांचा दुहेरी उपयोग होतो. ते रेणूंना धरून ठेवतात आणि सूक्ष्मजीवांना बळ देतात. टिकाऊ क्लोरीनयुक्त औषधांवर हा परिणाम मंद असतो, पण आजच्या बहुतेक औषधांवर तो एक-दोन हंगामांत दिसतो.

धातू शोषणाऱ्या वनस्पती लावून जमीन स्वच्छ करता येते का?

तत्त्वतः येते. चिनी ब्रेक हे नेचे आर्सेनिक मोठ्या प्रमाणात पानांत साठवते हे २००१ मध्ये प्रसिद्ध झाले, आणि कॅडमियम-जस्त साठवणाऱ्या वनस्पतीही ज्ञात आहेत. अडचण काळाची आहे. मातीतील कॅडमियम दर किलोमागे १ मिलिग्रॅमने कमी करायचे तर हेक्टरी २.६ किलो बाहेर काढावे लागेल. एखाद्या साध्या पिकाने वर्षाला १० ग्रॅम उचलले, तर २६० वर्षे लागतील. विशेष वनस्पतींनी हा काळ काही दशकांवर येऊ शकतो, परंतु कापलेला पाला पुन्हा कंपोस्टमध्ये टाकला तर केलेले सर्व श्रम वाया जातात. सूर्यफूल किंवा मोहरी लावून दोन वर्षांत जमीन शुद्ध होते असे दावे ऐकू येतात, त्यांवर विश्वास ठेवू नये.

कंपोस्ट घातल्यावर टोमॅटोची पाने वाकडी झाली, हे कशामुळे?

क्लोपायरालिड, अमिनोपायरालिड किंवा पिक्लोराम या तणनाशकांचा संशय घ्यावा. ती कुरणांत आणि गवताळ पिकांत वापरली जातात, जनावरांच्या पोटातून न बदलता बाहेर पडतात आणि कंपोस्ट होतानाही लवकर मोडत नाहीत. एक अब्ज भागांत काही भाग एवढ्या अत्यल्प मात्रेतही टोमॅटो आणि शेंगवर्गीय रोपांना इजा होते. पाने वाटीसारखी वळतात, शेंड्याकडची पाने नेच्यासारखी बारीक होतात. प्रयोगशाळेतील परीक्षण महाग असते, म्हणून घरगुती चाचणी अधिक उपयोगाची आहे. संशयित कंपोस्ट मिसळलेल्या तीन कुंड्या आणि त्याशिवायच्या तीन कुंड्या घेऊन सर्वांत वाटाणा किंवा घेवडा पेरावा, पाणी एकमेकींत झिरपू देऊ नये आणि तीन आठवडे पानांचे निरीक्षण करावे. पहिल्याच गटातील रोपे वेडीवाकडी आली तर ते खत भाजीपाल्याला घालू नये.

सेंद्रिय पद्धतीने केलेल्या शेतीची माती यापासून मुक्त असते का?

तसे गृहीत धरता येत नाही. प्रमाणपत्र आजच्या वापराविषयी बोलते, जमिनीच्या पूर्वायुष्याविषयी नाही. सेंद्रिय पद्धतीकडे वळण्याच्या दोन-तीन वर्षांत नवी औषधे बहुतांशी मोडतात, पण डीडीई किंवा आर्सेनिक तसेच राहते. शिवाय तांब्याची बुरशीनाशके सेंद्रिय शेतीतही चालतात, आणि द्राक्ष, बटाटा, टोमॅटो यांत त्यांचाच मुख्य आधार असतो. सेंद्रिय शेती करणाऱ्यांविषयी मला मनापासून आदर आहे, आणि म्हणूनच त्यांनी तांब्याची वार्षिक नोंद काटेकोरपणे ठेवावी असे मला वाटते.

लहान मुले बागेत खेळतात. काय काळजी घ्यावी?

शिशाच्या बाबतीत मुलांना सर्वांत मोठा धोका भाजीपेक्षा मातीचाच असतो, कारण ती हाताने तोंडात जाते आणि धुळीतून घरात येते. शिशाची कोणतीही सुरक्षित पातळी ज्ञात नाही असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. जुन्या रंगवलेल्या भिंतींजवळ आणि रस्त्यालगत उघडी माती ठेवू नये, तेथे गवत किंवा जाड आच्छादन असावे. बागेतून आल्यावर हात धुणे आणि पादत्राणे दाराबाहेर काढणे या साध्या सवयींचा खरोखर उपयोग होतो.

जमीन खराब निघाली तर उंच वाफे करून चालतील का?

चालतील, आणि छोट्या बागेसाठी हाच बहुधा सर्वांत शहाणपणाचा मार्ग आहे. खाली पाणी झिरपू देणारे कापड अंथरून त्यावर किमान ३० सेंटीमीटर चांगली माती भरावी, कंदमुळांसाठी अधिक. वाफ्यांसाठी जुने मुरवलेले लाकूड किंवा रेल्वेचे स्लीपर वापरू नयेत, आणि बाहेरून आणलेल्या मातीचे व कंपोस्टचेही परीक्षण करावे. आजूबाजूची धूळ वाफ्यांत येत राहते, म्हणून दोन-तीन वर्षांनी वरच्या थराचा नमुना पुन्हा पाहावा.

परीक्षण किती वर्षांनी पुन्हा करावे?

खडकातून किंवा जुन्या वापरातून आलेल्या धातूंचे प्रमाण एका हंगामात बदलत नाही, त्यामुळे एकदा विश्वासार्ह परीक्षण झाले की पुढचे पाच ते दहा वर्षांनी पुरते. सामू मात्र दर दोन-तीन वर्षांनी मोजावा, आणि चुना दिला असेल तर पुढच्याच वर्षी. तांबे फवारणारी बाग, कोंबडीखत भरपूर घेणारी भाजीची जमीन, पूर येऊन गाळ बसलेले शेत यांची तपासणी अधिक वारंवार करावी. कीडनाशकांच्या अवशेषांचे परीक्षण नवे पीक बदलण्याच्या वेळी उपयोगी पडते, विशेषतः फळबाग काढून तेथे पालेभाज्या किंवा भोपळावर्गीय पिके घ्यायची असतील तेव्हा. प्रत्येक अहवालाबरोबर नमुना घेतलेल्या जागांचा नकाशा, खोली, तारीख आणि प्रयोगशाळेची पद्धत जोडून ठेवावी, आणि जमीन दुसऱ्याच्या हाती जाताना हे कागदही त्याच्याकडे द्यावेत.